साक्षीदाराविना मरण

जून १९४४ मध्ये फ्रान्समधल्या कांब्रेच्या रेल्वेयार्डावर बाँब टाकायला निघालेले एक लँकेस्टर विमान जर्मन लढाऊ विमानाने पेटवले. उड्या मारण्याचा हुकूम झाला. विमानाच्या पाठीवरची मशीनगन सांभाळणारा अँड्र्यू मिनार्स्की, कॅनडातल्या विनिपेगचा २७ वर्षांचा तरुण, दाराशी पोहोचला, तेव्हा शेपटीच्या टरेटमध्ये, म्हणजे मशीनगनच्या फिरत्या कक्षात, त्याचा सहकारी पॅट ब्रॉफी अडकलेला त्याला दिसला. तो आगीतून मागे सरपटला, कुऱ्हाडीने टरेट मोकळे करू लागला, कपड्यांनी पेट घेतला तरी हातांनी ओढत राहिला. शेवटी ब्रॉफीनेच ‘जा’ अशी खूण केली. मिनार्स्कीने ताठ उभे राहून सलाम ठोकला आणि उडी घेतली. भाजल्यामुळे तो दगावला; विमान कोसळूनही ब्रॉफी मात्र बचावला. त्याच्याच साक्षीमुळे १९४६ मध्ये मिनार्स्कीला मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. ब्रॉफीही मेला असता, तर ते धैर्य तसूभरही कमी ठरले नसते. फक्त आपल्याला त्याचा पत्ता लागला नसता. मिनार्स्की ज्यात होता, त्या ब्रिटनच्या बाँबर कमांडचे ५५,५७३ उड्डाणकर्मी त्या महायुद्धात मेले. अनेकदा विमानातले सातही जण एकदमच गेले, सांगायला कोणी उरलेच नाही. म्हणून स्मरणाला शौर्याची अट घालणे म्हणजे साक्षीदार वाचण्याच्या योगायोगाला न्यायाधीश नेमणे होय.

यावर खरा आक्षेप निराळाच आहे. ज्यांच्या बाँबांनी जुलै १९४३ मध्ये हँबुर्गमध्ये हजारो माणसे होरपळून मेली, त्यांचे गोडवे का गावेत? आक्षेप रास्त आहे, आणि वय कोवळे होते म्हणून तो निकालात निघत नाही. हे सारे उड्डाणकर्मी स्वेच्छेने भरती झाले होते, हेही खरे. पण त्यांनी स्वीकारले ते उडण्याचे काम. लक्ष्य निवडण्याचा अधिकार त्यांना कधीच नव्हता. शत्रूच्या नागरिकांचे, विशेषतः कामगारांचे, मनोधैर्य खच्ची करण्याचा आदेश फेब्रुवारी १९४२ मध्ये वरून निघाला. नेमून दिलेल्या साधारण ३० मोहिमांच्या मध्येच कोणी कच खाल्ली, तर त्याच्या नोंदीवर भित्रेपणाचा शिक्का बसू शकत होता. यामुळे बाँब टाकणारा हात निर्दोष ठरत नाही. पण हुकूम देणाऱ्यांचा हिशेब त्या पोराच्या थडग्यावर मांडायचा नसतो.

मग मारले गेलेले आणि मारणारे यांच्या आठवणी एकत्र नांदणार कशा? लंडनच्या ग्रीन पार्कमध्ये २०१२ साली उभ्या राहिलेल्या बाँबर कमांडच्या स्मारकाने याचे उत्तर दगडावरच कोरले आहे: १९३९ ते १९४५ च्या बाँबहल्ल्यांत मेलेल्या सर्व देशांच्या लोकांचेही तिथे स्मरण केले आहे. एका ओळीने हँबुर्गचे दुःख फिटत नाही, हे कबूल. तरी दिशा तीच योग्य आहे. अशा तरुणाचे स्मरण करताना त्याचे मरण सांगावे, आणि त्याच्या विमानात काय भरले होते, तेही सांगावे. यातले एक गाळले, तर ती आठवण राहत नाही, वकिली होते.