न दुखणारे दुखणे

दुखणे दुखले म्हणजे माणूस डॉक्टरकडे धावतो. पण जे दुखतच नाही, त्याचे काय करावे?

पिंपरीत १९५४ साली पेनिसिलिनसाठी हिंदुस्थान अँटिबायोटिक्स स्थापन झाली, तेव्हा भय होते जंतूंचे. आज चाकणपर्यंत पसरलेल्या या कारखान्यांच्या पट्ट्यात पाळ्यांची जागरणे आहेत, अवेळची जेवणे आहेत, आणि मधुमेहही आहे.

आमचे थोरले बंधू चाकणला मोटारींचे सुटे भाग तपासतात. केसाएवढा फरक त्यांच्या नजरेतून सुटत नाही. मधुमेह जडून आठ वर्षे झाली, तरी डोळे दाखवायचे नाव नाही. “मला स्वच्छ दिसतंय की!” अखेर वहिनींनी विचारले, “अहो, यंत्र बंद पडल्यावरच तेलपाणी करता का?” बंधू निरुत्तर!

डॉक्टरांनी थेंब घालून बाहुल्या मोठ्या केल्या, आतला पडदा पाहिला. साखरेपायी तिथल्या बारीक रक्तवाहिन्या ठिकठिकाणी फुगल्या होत्या. नजर शाबूत असतानाच रोग सापडला. आता साखर आणि रक्तदाब आटोक्यात ठेवायचे, डॉक्टर सांगतील तेव्हा पडदा दाखवायचा. पुढे गरज पडलीच, तर लेसर आहे, इंजेक्शने आहेत. पण गेलेली दृष्टी परत येईलच असे नाही.

यंदा पणत्यांत तेल घालताना घरातल्या मधुमेही माणसाला एवढेच विचारा: वर्षभरात डोळ्यांचा पडदा दाखवलात का?