बिनपायाचा पेरक्या

जुमेरा लेक टॉवर्सच्या कुठल्याही खिडकीतून तो दिसायचा नाही. इथली तळी माणसानं केलेली; त्यांना भरती नाही, ओहोटी नाही, त्यामुळे त्याच्याजोगं कामही नाही. शिवाय दुबईच्या आकाशात परवान्याशिवाय त्याला कुणी हिंडू देत नाही. त्याचा मुलूख अबू धाबीचा किनारा. तिथल्या पर्यावरण संस्थेनं मिर्फाच्या खाजणात या ड्रोनकडून तिवराची पेरणी करून घेतली.

रूपानं यथातथाच. गरगरणारे पंखे, पोटाखाली बियांची टाकी आणि अखंड घोंघावणं. पण कामाला शिस्तीचा. ठाण्याच्या खाडीवर वाढलेल्यांना तिवर ठाऊक आहे. त्याची बी झाडावर असतानाच कोंब धरते. पाण्यात पडली की साल गळते आणि चिखल गवसला की मूळ टेकवते. तिला खड्डा नको, जागा मात्र नेमकी हवी. फार खोलात पडली तर लाटा उपटतात, फार उंचावर पडली तर वाळते. म्हणून हा आधी रिकामाच फिरतो, फोटो काढतो, चिखलाचा चढउतार नकाशावर उतरवतो. मग ओहोटी साधून आखलेल्या रेषेवर बिया सोडत जातो.

पाय नसणं हाच त्याचा मोठा गुण. तिथल्या चिखलात माणूस रुततो, आणि रुतता रुतता तिवराची वर आलेली श्वासमुळं तुडवतो. ओहोटीत होडीही शिरत नाही. याच्या येण्याजाण्याची खूणसुद्धा उरत नाही.

खोड एकच: बी खोचणं त्याला जमत नाही. वरून पडलेल्या कित्येक बिया पाणी नेतं, कित्येक खेकडे फस्त करतात. त्यामुळे त्याला सढळपणे पेरावं लागतं. पण काही महिन्यांनी तो त्याच जागी परततो आणि किती जगली ते वरून टिपतो. वृक्षारोपणाचा फोटो काढून झाल्यावर पुन्हा फिरकलेले प्रमुख पाहुणे आपण किती पाहिलेत?

२०३० पर्यंत १० कोटी खारफुटीची झाडं लावण्याचा संकल्प या देशानं २०२१ मध्ये सोडला. नुसत्या हातांनी तो पुरा व्हायचा नाही. जिथवर रस्ता जातो, तिथं शाळेच्या पोरांना चिखलात उतरू द्यावं; दूरच्या बेटांवर याला धाडावं. आणि हिशेब दोघांकडूनही एकच मागावा, तग धरलेल्या रोपांचा.