पेरा पॅलेस ते खुलताबाद

रेल्वे कंपनीने आपल्या प्रवाशांच्या सोयीसाठी हॉटेल बांधावं, पुढे ती गाडी बंद पडावी आणि हॉटेल मात्र ताठ उभं राहावं, असं इस्तंबूलच्या पेरा पॅलेसचं झालं. ४ ऑक्टोबर १८८३ रोजी ओरिएंट एक्स्प्रेस पॅरिसहून पहिल्यांदा निघाली तेव्हा ती इस्तंबूलपर्यंत जात नव्हती. रुमानियात डॅन्यूबच्या काठावर प्रवासी उतरत, नावेने नदी ओलांडत, बल्गेरियातून दुसऱ्या गाडीने काळ्या समुद्रावरच्या वार्ना बंदरात येत आणि तिथून आगबोटीने इस्तंबूल गाठत. १८८९ मध्ये रूळ सलग झाले. मग वेगळीच अडचण पुढे आली. मखमली गाद्यांच्या, चांदीच्या काट्याचमच्यांच्या डब्यातून उतरणाऱ्या श्रीमंत युरोपियनांना राहायचं कुठे? गाडी चालवणाऱ्या वागों-ली कंपनीचा संस्थापक, बेल्जियमचा जॉर्ज नागेलमाकर्स याला हॉटेलही आपणच बांधावं असं वाटलं. अलेक्झांडर व्हॅलोरी या वास्तुविशारदाकडे काम सोपवलं गेलं. शहरातलं पुराणवस्तू संग्रहालय आणि ऑटोमन बँकेची इमारत हीसुद्धा त्याचीच. १८९२ मध्ये काम सुरू झालं आणि १८९५ मध्ये मोठ्या नृत्यसमारंभाने हॉटेल उघडलं.

आमच्या लग्नाच्या तिसाव्या वाढदिवसाला कुठे जायचं हे ठरवताना हा सगळा इतिहास ह्यांना तोंडपाठ होता. ह्यांची नोकरी रेल्वेत झाली, मनमाड-सिकंदराबाद मार्गावर. निजामाच्या रेल्वेने टाकलेला हा मार्ग, आणि आमचं घर संभाजीनगरला, स्टेशनच्याच बाजूला. गाड्यांच्या आवाजावर आमचा संसार झाला. तेव्हा समुद्रकिनारे नि बर्फाचे डोंगर मागे पडले आणि ओरिएंट एक्स्प्रेसच्या शेवटच्या मुक्कामी जायचं ठरलं. आमची तारीख नोव्हेंबरमधली, दिवाळी आटोपल्यावरची. इस्तंबूलमध्ये तेव्हा बोचरा वारा असतो आणि अधूनमधून पावसाची झड येते. चालायला मात्र तेच दिवस बरे.

हॉटेल तेपेबाशीच्या चढावर आहे. आम्हाला मिळालेल्या खोलीतून गोल्डन हॉर्नची खाडी आणि पलीकडच्या टेकड्यांवरचे मिनार दिसत होते. पण ह्यांना बसवेना. सामान टाकलं आणि आम्ही सिर्केजी स्टेशनकडे निघालो. जुने पाहुणे ज्या वाटेने वर आले ती आम्ही उलटी उतरलो. त्यांना स्टेशनवरून पालखीसारख्या खुर्चीत बसवून हमाल चढ चढत आणत. तशी एक खुर्ची हॉटेलात अजून जपून ठेवलेली आहे. आमच्यासाठी तुनेल होतं. १८७५ पासून टेकडीच्या पोटातून काराकॉयपर्यंत उतरणारी ही छोटी रेल्वे लंडनखालोखाल जगातली सर्वांत जुनी भुयारी रेल्वे. खाली आलं की गलाता पूल. पुलाच्या दोन्ही कठड्यांना गळ टाकून बसलेल्यांची रांग, शेजारी पाण्याच्या बादल्या, त्यात चांदीसारखे लहान मासे. पूल संपला की एमिनोनू आणि तिथून हाकेच्या अंतरावर सिर्केजी.

स्टेशन १८९० चं, ऑगस्ट यासमुंड या प्रशियन वास्तुविशारदाचं. लाल विटांचे पट्टे, टोकदार कमानी, वर रंगीत काचांच्या गोल खिडक्या. पूर्वेकडे निघालेल्या युरोपियन माणसाला पूर्व कशी दिसावी असं वाटेल तशीच ती बांधलेली आहे. पॅरिसहून येणारी थेट गाडी १९७७ मध्ये बंद झाली. आता बहुतेक गर्दी जमिनीखाली, समुद्राच्या तळातून आशियाच्या काठावर नेणाऱ्या मार्मारायच्या फलाटांवर असते. वरच्या जुन्या फलाटावर हे बराच वेळ उभे होते. रूळ जिथे संपतात तो टोकाचा अडसर त्यांनी हात लावून पाहिला. युरोपची रेल्वे इथे संपते, एवढंच म्हणाले. आयुष्यभर गाड्या पुढे धाडणाऱ्या माणसाला पुढे रूळ नसलेलं स्टेशन पाहताना काय वाटलं असेल ते मी विचारलं नाही.

तिथून जवळच इश बँकेचं संग्रहालय आहे, आणि भारतातून आलेल्या माणसाने ते चुकवू नये. पहिल्या महायुद्धानंतर तुर्कस्तानचा खलिफा वाचावा म्हणून आपल्याकडे खिलाफत चळवळ उभी राहिली. तिची मध्यवर्ती समिती मुंबईत होती, गांधीजींचा तिला पाठिंबा होता. सामान्य मुसलमानांनी दिलेली वर्गणी अंकाराला तुर्की राष्ट्रवाद्यांचा नेता मुस्तफा कमाल याच्याकडे गेली. त्यातल्या पैशाचा काही भाग १९२४ मध्ये या बँकेच्या भांडवलात गेला. त्याच वर्षी मुस्तफा कमालने खिलाफतच रद्द केली. ज्या गादीसाठी मुंबईत पैसा गोळा झाला ती गादी गेली, आणि त्या पैशातून नव्या प्रजासत्ताकाची बँक उभी राहिली.

संध्याकाळी आम्ही हॉटेलच्या घुमटांच्या दालनात चहा घेतला. वर घुमट, त्यांना हमामखान्याच्या छतासारखी निळसर काचा बसवलेली गोल छिद्रं. कोपऱ्यात पियानो वाजत होता. राजवाडे सोडले तर शहरात वीज असलेली पहिली इमारत हीच आणि विजेची पहिली लिफ्टही इथलीच. ओतीव लोखंडाच्या नक्षीचा आणि लाकडाचा तो पाळणा अजून वर-खाली करतो. खोलीत परत आलो तेव्हा टेबलावर छोटा केक आणि हॉटेलच्या लोकांनी हाताने लिहिलेल्या शुभेच्छा होत्या. मला ते फार आवडलं.

या हॉटेलात पर्यटक सर्वांत जास्त विचारतात ती ४११ क्रमांकाची खोली. अगाथा ख्रिस्ती तिथे राहिली आणि तिची ‘मर्डर ऑन द ओरिएंट एक्स्प्रेस’ ही कादंबरी त्या खोलीशी जोडली गेली. पण १९३४ च्या त्या कादंबरीत गुप्तहेर प्वारो इस्तंबूलला उतरतो तेव्हा जातो तोकातलियान हॉटेलात. ते आर्मेनियन मालकाचं हॉटेल होतं. त्याची इमारत इस्तिकलाल रस्त्यावर आहे, हॉटेल नाही. मला ४११ पेक्षा या बंद हॉटेलची गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. पेरा हा भाग ग्रीक, आर्मेनियन, ज्यू, इटालियन अशा सगळ्यांचा होता. पेरा पॅलेसचाही एक मालक बोदोसाकिस नावाचा ग्रीक होता. राष्ट्रवादी जिंकल्यावर तो अथेन्सला गेला, हॉटेल बैरूतच्या मिस्बाह मुहाय्येश याच्याकडे आलं आणि बोदोसाकिस पुढे ग्रीसचा मोठा उद्योगपती झाला. १९२० मध्ये रशियातून पळून आलेले सरदार-दरकदार याच गल्ल्यांत दागिने विकून जगले. ६ आणि ७ सप्टेंबर १९५५ ला जमावाने याच इस्तिकलाल रस्त्यावरची ग्रीकांची दुकानं फोडली, आणि उरलेल्यांपैकीही बहुतेक निघून गेले. आज त्या रस्त्यावर लाल ट्राम घंटा वाजवत जाते, तरुण पोरं गाणी म्हणतात, भाजलेल्या चेस्टनटचा वास असतो. दुकानांच्या वरच्या मजल्यांकडे मान वर करून पाहिलं तर कुठे कुठे जुन्या नावांची अक्षरं अजून दिसतात.

युद्धही या दारातून आत आलं. मार्च १९४१ मध्ये बल्गेरिया जर्मनीच्या बाजूला गेल्यावर सोफियातली ब्रिटिश वकिलातीची मंडळी गाडीने इथे आली. ११ तारखेला त्यांच्या सामानातल्या एका पेटीचा हॉटेलच्या दालनात स्फोट झाला. माणसं मेली. ब्रिटिश वकील रेंडेल वाचला.

१०१ क्रमांकाच्या खोलीपुढे मात्र आवाज आपोआप खाली येतो. मुस्तफा कमाल, म्हणजे पुढचा अतातुर्क, इस्तंबूलला आला की इथे उतरत असे. १३ नोव्हेंबर १९१८ रोजी तो हरलेल्या सैन्यातून परतला तेव्हा ब्रिटिश-फ्रेंच आरमार बॉस्फरसमध्ये शिरत होतं. त्या जहाजांमधून वाट काढत त्याची नाव या काठाला लागली आणि तो पेरा पॅलेसमध्ये आला. हॉटेलात तेव्हा विजेत्यांचे अधिकारी बसलेले असत. एकदा त्यांनी त्याला आपल्या टेबलावर बोलावलं, तेव्हा इथले यजमान आम्ही आहोत, पाहुण्यांनीच आमच्याकडे यावं, असा त्याने निरोप धाडला म्हणतात. सहा महिन्यांनी तो अनातोलियात गेला आणि लढा उभा राहिला. १९८१ मध्ये, त्याच्या जन्मशताब्दीला, ही खोली संग्रहालय झाली. गुलाबी भिंती, त्याचे कपडे, पुस्तकं, आणि एक रेशमी गालिचा. हिंदुस्थानातल्या एका महाराजाने तो दिला असं सांगतात.

१० नोव्हेंबरला आम्ही तिथे होतो हे आमचं भाग्य. १९३८ मध्ये त्या दिवशी सकाळी ९ वाजून ५ मिनिटांनी अतातुर्क गेला. दरवर्षी त्या क्षणी शहरभर भोंगे वाजतात. आम्ही हॉटेलसमोरच्या पदपथावर उभे होतो. भोंगा सुरू झाला आणि रस्ता जागच्या जागी थांबला. टॅक्सीवाला दार उघडून बाहेर येऊन सावधान उभा राहिला, सिमित हा तिळाचा पाव विकणारा हातातला चिमटा ठेवून उभा राहिला, हॉटेलचा दरवान टोपी सारखी करून उभा राहिला. एक म्हातारी रडत होती. मी माझ्या देशात कुणा नेत्यासाठी असं न सांगता, न बोलावता थांबलेलं शहर पाहिलेलं नाही. डोळे माझेही भरून आले.

त्याच दुपारी आम्ही दोल्माबाहचे राजवाड्यात गेलो. अतातुर्क तिथेच वारला, म्हणून त्या दिवशी तिथे रांगा असतात. पण मला तिथे दुसऱ्या एका माणसासाठी जायचं होतं. शेवटचा खलिफा, अब्दुलमजीद दुसरा. चित्रकार माणूस, संगीताचा जाणकार. त्याचं ग्रंथालय राजवाड्यात अजून आहे. १९२२ मध्ये सुलतानपद रद्द झालं, पण संसदेने त्याला खलिफा म्हणून निवडलं. ३ मार्च १९२४ ला तेही पद रद्द झालं आणि त्या रात्रीच अधिकारी राजवाड्यात आले. पहाटे त्याला कुटुंबासह मोटारीत बसवलं. सिर्केजीला नेलं तर लोक जमतील म्हणून शहराबाहेरच्या चाताल्जा स्टेशनवर नेलं. दिवसभर ते तिथे बसून होते. स्टेशनमास्तर ज्यू होता, त्याने त्यांची बडदास्त ठेवली आणि तुमच्या पूर्वजांनी आमच्या लोकांना आसरा दिला होता असं तो म्हणाला, अशी आठवण सांगितली जाते. रात्री गाडी आली. ती होती ओरिएंट एक्स्प्रेस. जिच्यातून पेरा पॅलेसचे पाहुणे येत, तिच्यातूनच तो गेला.

त्या गाडीत त्याची दहा वर्षांची मुलगी होती, दुर्रुशेहवार. सात वर्षांनी, १२ नोव्हेंबर १९३१ ला, फ्रान्समधल्या नीस शहरात तिचं लग्न झालं ते निजाम उस्मान अली खानच्या थोरल्या मुलाशी, आझम जाहशी. ती बोटीने मुंबईला उतरली आणि हैदराबादला सासरी आली. आमचा मराठवाडा तेव्हा त्याच राज्यात होता. १९३६ मध्ये आझम जाहला वऱ्हाडचा युवराज हा किताब मिळाला, म्हणजे इस्तंबूलच्या राजवाड्यातली ही मुलगी वऱ्हाडची युवराज्ञी झाली. तिचा मुलगा मुकर्रम जाह जानेवारी २०२३ मध्ये वारला तो इस्तंबूलमध्येच. आजीआजोबांना जिथून रातोरात काढलं त्या शहरात नातू राहायला आला होता.

खलिफा स्वतः २३ ऑगस्ट १९४४ ला पॅरिसमध्ये वारला. मुलीने खटपट केली, पण तुर्कस्तानने त्याला मातीही दिली नाही. दहा वर्षं त्याचा देह पॅरिसच्या मशिदीत ठेवलेला होता, मग १९५४ मध्ये मदिनेला दफन झालं. त्याच्यासाठी निजामाने एक कबरीची इमारत बांधवून घेतली होती. ती आमच्या घरापासून तासाभराच्या आत, खुलताबादजवळ आहे. १९४८ मध्ये निजामाचं राज्यच गेलं, आणि ज्याच्यासाठी ती बांधली तो तिथे कधी आला नाही.

अतातुर्कने जे केलं त्यात त्याच्या देशाचं भलं झालं असं मी मानते. पदपथावर थांबलेली ती माणसं उगाच थांबलेली नव्हती. पण एका दहा वर्षांच्या मुलीला रात्रीच्या गाडीत बसवून देशाबाहेर काढणं आणि तिच्या बापाला मेल्यावरही परत न येऊ देणं, हे मला पटत नाही. पेरा पॅलेसमध्ये राहिलेल्याची खोली आरशासारखी पुसून ठेवली जाते, आणि घालवून दिलेल्याची इमारत आमच्या माळावर कुणी पाहत नाही.

इस्तंबूलला जाल तेव्हा पेरा पॅलेसमध्ये निदान एक चहा घ्या आणि १०१ ची खोली पाहा. आणि वेरूळची लेणी पाहायला याल तेव्हा खुलताबादला भद्रा मारुतीचं दर्शन घ्या, औरंगजेबाची, मलिक अंबरची कबर पाहा, आणि मग शेवटच्या खलिफासाठी बांधलेली ती इमारत कुठे आहे हे गावात विचारा. तिथे जा. आपल्या पुरातत्त्व खात्याने आणि जिल्हा प्रशासनाने तिच्यापुढे निदान एक मराठी फलक लावावा, एवढी माझी मागणी आहे.