अर्धे गेम हरायचेच असतात

डोटा २ नव्याने शिकणाऱ्या माणसाला पहिल्या आठवड्यात एवढंच कळतं की आपण मेलो. कशाने मेलो, कोणी मारलं, तो आला कुठून, यातलं काहीही कळत नाही. स्क्रीनवर कसलासा उजेड होतो, आवाज येतो आणि आपला हिरो आडवा. मग पुन्हा जिवंत होईपर्यंत करड्या पडलेल्या स्क्रीनकडे बघत बसायचं.

ज्यांनी हा गेम पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. पाच विरुद्ध पाच. नकाशाच्या दोन कोपऱ्यांत दोन तळ, मधे तीन वाटा. त्यांना लेन म्हणतात. दर ३० सेकंदांनी दोन्ही तळांवरून छोट्या सैनिकांच्या तुकड्या निघतात, ते क्रीप. क्रीपवर शेवटचा घाव ज्याचा, सोनं त्याचं. सोन्यातून वस्तू घ्यायच्या, ताकद वाढवायची, वाटेतले टॉवर पाडायचे आणि शेवटी समोरच्या तळातलं 'एन्शन्ट' पाडायचं. ऐकायला सोपं आहे. पण हिरो १२०हून अधिक, प्रत्येकाची अस्त्रं वेगळी, आणि दुकानातल्या वस्तूंची यादी किराणा मालाच्या यादीपेक्षा मोठी. एक गेम साधारण ४० मिनिटं चालतो. मधेच सोडून गेलात तर चार साथीदारांचा गेम बिघडतो, म्हणून त्याला शिक्षाही आहे.

शिवाय उशिरा आलेल्याची वेगळीच पंचाईत. या गेमचं मूळ म्हणजे 'वॉरक्राफ्ट ३' या दुसऱ्या गेमवर २००३ मध्ये हौशी माणसाने रचलेला एक नकाशा. डोटा २ अधिकृतपणे आला २०१३ मध्ये. आमच्या इंजिनिअरिंगच्या हॉस्टेलात मुलं लॅनवर जुना डोटा खेळायची, तेव्हा मी बाजूच्या खोलीत असाइनमेंट लिहीत असायचो. सव्विसाव्या वर्षी, पुण्यातल्या फ्लॅटवर, रूममेटच्या नादाने मी सुरुवात केली तेव्हा माझ्याभोवतीचे लोक दहा-दहा वर्षं हेच करत आले होते.

आणि हा गेम चुका पोटात घालत नाही. तुम्ही मेलात की तुमचं थोडं सोनं जातं, मारणाऱ्याला सोनं आणि अनुभव मिळतो. म्हणजे पुढच्या वेळी तो आणखी ताकदवान, तुम्ही आणखी कमजोर. चक्रवाढ व्याज, पण दुसऱ्याच्या खात्यात. तिसऱ्या मरणानंतर साथीदार बोलायला लागतात. हिंदीतून आईबहीण, सिंगापूरच्या सर्व्हरवर असाल तर न कळणाऱ्या भाषेतून. भाषा कळली नाही तरी सूर कळतोच.

पहिल्या ३० गेमपैकी मी ९ जिंकलो. तेही जिंकलो म्हणजे, जिंकणाऱ्या टीममध्ये होतो.

त्याच सुमारास बाबा नाशिकहून चार दिवस राहायला आले होते. रात्री जेवण झाल्यावर माझ्यामागे खुर्ची ओढून ते बसले आणि ४० मिनिटं काही न बोलता बघत राहिले. आम्ही हरलो. "रोज हरतोस?" "जवळजवळ." "मग खेळतोस कशाला रे?"

प्रश्न टोमण्याचा नव्हता, म्हणूनच अवघड होता. उत्तर द्यायला मला नंतरचे सहा महिने लागले. त्याची सुरुवात एका प्राध्यापकापासून होते.

अर्पाड एलो हंगेरीत जन्मले आणि अमेरिकेत भौतिकशास्त्र शिकवायचे. बुद्धिबळपटूच्या ताकदीला आकडा द्यायची त्यांची पद्धत जागतिक बुद्धिबळ महासंघाने १९७० मध्ये स्वीकारली. कल्पना साधी आहे. दोघांच्या आकड्यांतल्या फरकावरून निकालाचा अंदाज बांधायचा. फरक ४०० गुणांचा असेल तर वरच्याकडून साधारण ११ पैकी १० गुणांची अपेक्षा. अंदाजापेक्षा चांगलं खेळलात तर आकडा वाढतो, वाईट खेळलात तर घटतो. आज ऑनलाइन गेममध्ये जोड्या लावणाऱ्या बहुतेक पद्धती याच घराण्यातल्या आहेत.

आता यातली गंमत बघा. बुद्धिबळाच्या स्पर्धेत समोर कोणीही येऊ शकतं. पण ऑनलाइन गेमला सामना चुरशीचा हवा असतो, म्हणून तो मुद्दाम तुमच्याच आकड्याची माणसं शोधून आणतो. समान आकडा म्हणजे जिंकायची शक्यता ५० टक्के. तुम्ही सुधारलात की समोरचेही तगडे मिळतात आणि पुन्हा ५० टक्के. पदकाचं नाव सगळ्यात खालचं 'हेराल्ड' असो की त्याच्या वरचं, अगदी टोकाचे मोजके खेळाडू सोडले तर प्रत्येकजण जवळपास अर्धे गेम हरत असतो.

हे समजलं तेव्हा मला आधी वैताग आला. आमची पिढी टक्क्यांवर वाढली. दहावीचे टक्के, सीईटीचं पर्सेंटाइल, प्लेसमेंटचं पॅकेज. आकडा एकदा मिळाला की तो आपला. आई तो वीस वर्षं लोकांना सांगू शकते. इथे मेहनतीचं बक्षीस काय, तर आणखी अवघड शत्रू. मग टिकून राहायचं कशाच्या जोरावर?

त्याचं उत्तर एका हरलेल्या गेममध्ये मिळालं. मी क्रिस्टल मेडन घेतली होती. चालायला संथ, अंगाने नाजूक, हात लावला तरी मरणारी. लेनमध्ये समोर एकच शत्रू होता आणि तो एकटा असूनही जरा जास्तच पुढे येत होता. मी कोपऱ्यातल्या छोट्या नकाशावर नजर टाकली. बाकीचे चौघे कुठेच दिसत नव्हते. मी सरळ मागे वळून टॉवरच्या आडोशाला गेलो. चार-पाच सेकंदांत झाडीतून तिघे बाहेर आले, मी जिथे उभा होतो तिथे पोचले, क्षणभर घुटमळले आणि निघून गेले.

बस, एवढंच. पंचवीस मिनिटांनी आम्ही तो गेम हरलो. शेवटच्या तक्त्यात कोण किती मेलं, किती सोनं जमवलं, सगळं असतं. जे मरण झालंच नाही, त्याचा रकाना नसतो. पण दोन महिन्यांपूर्वी मला फक्त माझा हिरो दिसायचा, आणि आता जे दिसत नाहीये तेसुद्धा दिसायला लागलं होतं. ऑफिसमधल्या कामाशी याचं नातं लगेच जाणवलं. रात्री न पडलेल्या सर्व्हरबद्दल अप्रेझलमध्ये कोणी विचारत नाही. ज्याने तो पडू दिला नाही, त्यालाच ते माहीत असतं.

तेव्हापासून मी प्रत्येक गेमनंतर फोनमध्ये एकच ओळ लिहितो: आज नवीन काय दिसलं? तीन महिने दोनच हिरो खेळलो. शिवी आली की पहिल्याच शिवीला म्यूट. वाद घालत बसलो तर नकाशा बघणार कोण? आणि रात्री दोनच गेम. तिसरा गेम बहुतेक वेळा दुसऱ्याचा सूड असतो, त्यात काही दिसत नाही. ज्यांना महिनाभर खेळून नुसती चिडचिड होते त्यांनी खुशाल सोडून द्यावा, चिवटपणा सिद्ध करण्यासाठी कोणी गेम खेळू नये. मी टिकलो कारण त्या फोनमधल्या ओळी वाढत होत्या.

दिवाळीला घरी गेलो तेव्हा बाबांना एलोची गोष्ट सांगितली. बाबा रोज सकाळी सोसायटीच्या कोर्टवर बॅडमिंटन खेळतात. ऐकून म्हणाले, "म्हणजे आमच्यासारखंच की." त्यांच्या ग्रुपमध्ये सगळ्यात चांगल्या खेळाडूला सगळ्यात कच्चा जोडीदार देतात. दोन पक्के एका बाजूला गेले तर दहा मिनिटांत खेळ संपतो आणि कोणालाच मजा येत नाही.

"मग तुम्हीही अर्धे गेम हरत असाल," मी म्हटलं.

"हो तर. गेली अकरा वर्षं."