धारेवर जाण्यापूर्वी : गाविलगडच्या डोंगररांगेतील पूर्वतयारी

अमरावती आणि अकोला या दोन जिल्ह्यांच्या उत्तरेला सातपुड्याची गाविलगड डोंगररांग भिंतीसारखी उभी आहे. तिच्या पायथ्याचे पूर्णा खोरे समुद्रसपाटीपासून सुमारे ३०० ते ३७५ मीटर उंचीवर, तर चिखलदऱ्याजवळचा वैराट माथा सुमारे ११७८ मीटरवर असल्याने, सपाट काळ्या रानात चालण्याची सवय असलेल्या वऱ्हाडी पायांना येथे थोड्या अंतरात आठशे मीटरांच्या आसपास चढ भेटतो. मेळघाट व्याघ्र प्रकल्प आणि त्यातील गुगामल राष्ट्रीय उद्यान याच डोंगरात आहे. मात्र उद्यानाच्या गाभ्यात पर्यटकाला पायी फिरण्याची मुभा नसल्यामुळे, धारेवरच्या चालीचा अनुभव घेऊ इच्छिणाऱ्याला गाविलगड किंवा अकोट तालुक्यातील नरनाळा या किल्ल्यांच्या परवानगी असलेल्या वाटांकडेच वळावे लागते.

धार म्हणजे दोन्ही बाजूंना उतार असलेला डोंगराचा अरुंद कणा, आणि माथ्यावरून मैदानाकडे उतरत गेलेल्या धारेला सोंड म्हणतात. अशा वाटेवर एका बाजूची दरी पूर्ण उघडी असते आणि पाय चुकल्यास अडवणारे झाड किंवा दगड नसतो, या स्थितीला गिर्यारोहक एक्सपोजर म्हणतात. हा डोंगर लाव्हाच्या थरांवर थर साचून बनलेल्या बेसाल्टचा असल्याने सरळ कडा आणि त्याखालचा उतरता पदर अशी पायऱ्यांसारखी रचना वारंवार येते, आणि पदरावर झिजलेल्या मुरमाचा सुटा थर, म्हणजेच घसारा, साचतो. धोका बहुधा कड्यापेक्षा या घसाऱ्यात अधिक असतो, कारण कड्याजवळ माणूस आपोआप सावध होतो, घसाऱ्यावर मात्र निर्धास्त पाऊल टाकतो.

वाटेची निवड हा तयारीचा पहिला भाग होय, आणि त्याचे उदाहरण याच डोंगरात सापडते. २९ नोव्हेंबर १८०३ रोजी अडगावची लढाई जिंकल्यावर आर्थर वेलस्ली याच्या इंग्रज फौजेने गाविलगडाला वेढा घातला, तेव्हा दक्षिणेचा उभा चढ टाळून मुख्य हल्ल्यासाठी किल्ला पठाराला जेथे जोडला जातो ती उत्तरेची बाजू निवडण्यात आली. तेथवर तोफा नेण्यासाठी सैनिकांना डोंगरातून रस्ता करीत त्या ओढाव्या लागल्या, आणि १५ डिसेंबरला किल्ला पडला. लांबची पण उतार सौम्य असलेली वाट जवळच्या उभ्या वाटेपेक्षा हिताची, हा धडा पदभ्रमण करणाऱ्यालाही तितकाच लागू पडतो.

दुसरा भाग शरीराचा. चढताना दम लागतो, परंतु गुडघा दुखतो तो उतरताना, कारण उतारावर मांडीचे स्नायू ताणलेल्या अवस्थेत शरीराचा भार पेलतात. म्हणून सरावात उतरण्यावर भर हवा. प्रस्तुत लेखकाने अकोल्यातील चार मजली इमारतीचा जिना सहा आठवडे पाठीवर आठ किलोंची पिशवी घेऊन चढण्या-उतरण्यात घालविले, तरी प्रत्यक्ष सोंडेवर त्याचा पाय घसरला तो वाळलेल्या सागाच्या पानावर. थाळीएवढ्या, कडक पानाखालचा मुरूम दिसत नाही, आणि पान पायाखालून निसटते. तेव्हापासून काठीने पान सारून, पूर्ण तळवा टेकवून मगच भार टाकण्याची सवय त्याने लावून घेतली.

तिसरा भाग सामानाचा आणि काळाचा. पूर्णा खोऱ्यातील खारपाणपट्ट्यात, म्हणजे जेथे भूजल खारट आहे त्या गावांत, विहिरीचे पाणी पिण्याजोगे नसते, आणि डोंगरातले अनेक ओढे हिवाळा सरता सरता आटतात. म्हणून माणशी चार लिटर पाणी घरूनच न्यावे. बुटांचा तळ खोल नक्षीचा आणि मोजे घोट्यावर येणारे असावेत, कारण वाळक्या गवताची कुसळे विणीत शिरून चालणाऱ्याचे लक्ष पायाऐवजी टोचण्याकडे नेतात, आणि धारेवर ते परवडत नाही. कड्यांवर आग्या मोहोळे असतात, त्यामुळे अत्तर, धूर आणि आरडाओरडा वर्ज्य मानावा. पावसाळ्यात शेवाळ आणि धुके, तर एप्रिल-मेमध्ये वऱ्हाडचे ऊन यांमुळे नोव्हेंबर ते फेब्रुवारी हाच योग्य काळ ठरतो. वाघ-अस्वलांच्या या रानात वनविभागाच्या नाक्यावर नोंद करणे आणि वाट जाणणारा स्थानिक, बहुधा कोरकू आदिवासी, वाटाड्या सोबत घेणे ही औपचारिकता नव्हे. वाऱ्याचा रोख आणि ताजा माग त्याला आधी कळतो.

राहिला परतीचा निर्णय. माथा गाठो वा न गाठो, दुपारी एक वाजता मागे वळायचे, हे घरातून निघतानाच सर्वांच्या संमतीने ठरवून ठेवावे, कारण थकलेल्या आणि माथा समोर दिसणाऱ्या माणसाला तो निर्णय घेता येत नाही. धारेवरची चाल वर जाण्यासाठी नव्हे, तर खाली परत येण्यासाठी आखावी लागते. ज्याला हे मान्य नसेल त्याने पायथ्याशीच थांबलेले बरे.