सव्वासहा मिलिसेकंद

काकांची ढोलकी सॅम्पलरमध्ये घ्यायची ठरली, तेव्हा त्यांच्याकडून एकेक थाप सुटी मागून घ्यावी लागली. ठेका नको, नुसता एक ‘ता’. तो पुरता विरू द्यायचा, मग दुसरा, जरा हलका. आयुष्यभर फडात वाजवलेल्या माणसाला हे जड गेलं. “अरे, मागचा बोल नसला तर पुढच्याला हात येणार कुठून?” ते म्हणाले. तरी तासभर बसून त्यांनी शाईवरचे, काठावरचे, डाव्या हाताचे मिळून चाळीसेक आवाज दिले.

यंत्र अकाईचं, एमपीसी 2000 एक्सएल. रॉजर लिन यांनी 1980 मध्ये एलएम-1 बनवलं. खऱ्या ड्रमचे मुद्रित आवाज वाजवणारं ते पहिलं ड्रम मशीन. पुढे 1988 साली अकाईसाठी त्यांनी एमपीसी 60 घडवलं आणि रबराच्या सोळा पॅडची चार-बाय-चार मांडणी तिथून रूढ झाली. माझं यंत्र त्याच घराण्यातलं. मूळ मेमरी 2 मेगाबाइट, म्हणजे मोनोमध्ये जेमतेम बावीस सेकंदांचा आवाज. त्यामुळे काकांच्या चाळिसातले कोणते ठेवायचे हे कान लावून निवडावं लागलं, आणि ते बरंच झालं.

निवडलेला आवाज कापायचा असतो. ट्रिमच्या पडद्यावर लाट दिसते, सुरुवातीची खूण चाकाने पुढेमागे सरकवायची. एका सेकंदाचे इथे 44,100 भाग असतात. थापेआधी 441 भाग शांतता राहिली, तरी पॅड दाबल्यावर आवाज दहा मिलिसेकंद उशिरा येतो आणि वाजवणाऱ्याला वाटतं, आपलाच हात जड झालाय. म्हणून मी सुरुवातीला अगदी काठाला लागून कापत असे. तसं कापलेला ‘ता’ वेळेवर यायचा, पण तो ढोलकीचा वाटायचा नाही, पत्र्यावर खडा पडावा तसा वाटायचा. कारण नाद उमटण्याआधी बोटाची कातडी शाईला टेकते, त्याचा एक अगदी बारीक आवाज असतो. तो कापला गेला की बोट जातं आणि नुसता नाद उरतो. आता मी खूण त्या स्पर्शाच्या ऐन आधी ठेवतो. एका थापेला पाच मिनिटं लागली तरी चालतील. हे काम घाईचं नाहीच.

ढोलकीवर घुमणारा बोल पुढच्या बंद बोलाने आपोआप दाबला जातो, कारण चामडं एकच असतं. यंत्राला हे सांगावं लागतं. खुल्या बोलाला कोणता बोल गप्प करेल, ते प्रोग्रॅममध्ये एकदा नेमून द्यायचं. ते केलं नाही तर एकाच ढोलकीवर दोन माणसं वाजवताहेत असं ऐकू येतं.

डावा हात मात्र सहज हाती लागत नाही. घिस्सा ही थाप नव्हेच. तळवा धुमेवर दाबत घसरतो आणि स्वर वर चढत जातो. दरवेळी वेगळा. एकच घिस्सा चार वेळा सारखा वाजला की कानाला लगेच टोचतो. ‘सिक्स्टीन लेव्हल्स’चं बटण दाबलं की एकच आवाज सोळा पॅडवर पसरतो, हवं तर सोळा जोरांत, हवं तर सोळा उंचींवर. त्यातून मी दोन-तीन घिस्से आळीपाळीने लावले. काम भागलं, पण काकांचा घिस्सा तो नव्हे, हे मला माहीत आहे.

मग मुद्रण. ‘ओव्हर डब’ दाबून सुरू केलं की जुनं राहतं आणि त्यावर नवं चढतं. ‘रेक’ दाबून सुरू केलं की त्या ट्रॅकवरचं जुनं पुसलं जातं. ही बटणं शेजारी शेजारी असतात, आणि त्या रात्री मनाजोगता बसलेला चार आवर्तनांचा उजवा हात मी एका बोटाच्या चुकीने घालवला. पुन्हा वाजवला. पहिल्यासारखा आला नाही.

दुसऱ्या दिवशी काकांना ऐकवलं. लय शंभरची होती आणि ‘टाइम करेक्ट’ सोळाव्या भागावर लावलेलं होतं, म्हणजे मागेपुढे पडलेली प्रत्येक थाप यंत्राने नेमक्या रेषेवर आणून बसवलेली. काका दोन आवर्तनं ऐकून थांबले. “ही कवायत झाली. ठेका कुठंय?”

यंत्र एका मात्रेचे 96 टिक करतं. एका जोडीतल्या दोन सोळाव्या भागांना मिळून 48 टिक मिळतात. स्विंग पन्नास टक्के असेल तर वाटणी सरळ, चोवीस-चोवीस. आकडा वाढवला की जोडीतला दुसरा बोल मागे रेलतो. सहासष्टला ती जवळजवळ तिनांत दोन-एक अशी वाटणी होते. ही युक्तीही लिन यांची, एलएम-1 पासूनची. मी डाव्या हाताचा ट्रॅक करेक्शन बंद करून पुन्हा वाजवला, जसा पडेल तसा राहू दिला. उजव्याला चोपन्न लावलं. काकांनी मान हलवली, नाही. अठ्ठावन्न. ते ऐकत राहिले, डोळे मिटून.

“जवळ आलंय. अजून थोडं मागं घे.”

मी साठ केलं. अठ्ठाविसाव्या टिकवरचा बोल एकोणतिसाव्यावर गेला. या लयीत एक टिक म्हणजे सव्वासहा मिलिसेकंद. फरक ऐकू येईल असं मला वाटलं नव्हतं. पडद्याकडे त्यांचं लक्षही नव्हतं. दुसऱ्या आवर्तनाला काकांचा डावा हात मांडीवर आला आणि तळव्याने घिस्सा भरू लागला.