पंचवीस एप्रिलचं लिस्बन

आपल्याकडचा चैत्र डोळ्यांना सुख देतो आणि अंगाला चटके. पालवी फुटलेली असते, कैऱ्या लोंबत असतात, पण दुपारी बाराला उंबरा ओलांडवत नाही. लिस्बनचा एप्रिल निराळा. दिवसा वीस अंशांच्या आसपास, रात्री अंगावर काहीतरी जाड हवंच, अधूनमधून एखादी भुरभुरती सर, आणि महिना सरता सरता सूर्य मावळतो तो आठ वाजून गेल्यावर. बिनपानांच्या फांद्यांवर गुलाबी-जांभळी फुलं आलेली असतात, जुन्या भिंतींवरून विस्टेरियाचे घोस उतरलेले असतात. जॅकरंडाचा निळा बहर मात्र मे संपताना येतो आणि भाजलेल्या सार्डिनचा खरा हंगाम जूनमध्ये. माहितगार म्हणतात, जूनमध्येच जा. मला एप्रिलच हवा आहे, आणि तोही पंचवीस तारखेसह.

सहल लहान आहे, आठवडाही पुरता हाती नाही. अशा सहलीत शहर बघून संपत नसतं. म्हणून सगळं थोडं थोडं चाखण्यापेक्षा एक धागा धरून चालावं आणि त्याच्या आड येईल ते खुशाल सोडावं, या मताला मी आलो आहे. लिस्बनमध्ये मराठी माणसाला धागा शोधायला लांब जावं लागत नाही. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली ती या शहरातून चालणाऱ्या सत्तेकडून. गोव्यावर साडेचारशे वर्षं हुकूम आले ते इथूनच. पण मला जो धागा हवा आहे तो जवळचा आहे, माझ्या आईवडिलांच्या हयातीतला.

व्हिसाचं आधी बघावं लागतं. शेंगेन व्हिसासाठी अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो आणि तीस हजार युरोंचा प्रवासविमा काढावा लागतो. ते कागद एका फायलीत लागले आणि जेवणाच्या टेबलावर नकाशा पसरला गेला. बायकोनं पहिलं बोट ठेवलं ते बेलेंवर. साहजिकच आहे. जेरोनिमो मठ तिथे, नदीत पाय सोडून उभा असलेला बुरूज तिथे, आणि १८३७ पासून त्याच भागात विकली जाणारी अंड्याच्या मलईची गरम पेस्ट्रीही तिथेच. मठातल्या चर्चमध्ये वास्को द गामाची समाधी आहे. हा माणूस १४९७ च्या जुलैत इथून निघाला आणि पुढच्या वर्षीच्या मे महिन्यात कालिकतला पोचला. त्या समाधीसमोर मला उभं राहायचं आहे. मिरी, जहाजं, धर्मपीठ, किल्ले, आपल्या किनाऱ्यावरचं सगळं पुढचं त्या शिडांमागून आलं. बेलेंला अर्धा दिवस दिला आहे. त्यातून नदीकाठच्या दर्यावर्दींच्या स्मारकाला मी वेळ काढणार नाही. १९६० चं ते भव्य शिल्प हुकूमशहा सालाझारच्या राजवटीनं साम्राज्याची द्वाही फिरवण्यासाठी उभारलं. त्याच साली ज्या माणसाला गोव्यातून उचलून लिस्बनजवळच्या तुरुंगात नेलं, त्याच्यासाठी मी हा प्रवास आखतो आहे.

मोहन रानडे. मूळचे सांगलीचे मनोहर आपटे. १९५० च्या सुमारास मराठीचे शिक्षक म्हणून गोव्यात गेले आणि आझाद गोमंतक दलात सामील झाले. १९५४ च्या दादरा-नगर हवेलीच्या लढ्यात ते होते. १९५५ च्या ऑक्टोबरात बेती इथल्या पोलीस ठाण्यावरच्या हल्ल्यात जखमी होऊन पकडले गेले. शिक्षा सव्वीस वर्षांची. १९६० मध्ये त्यांना पोर्तुगालला हलवलं आणि काशियशच्या किल्ल्यात डांबलं. एकांतकोठडीही त्यांनी भोगली. पुढच्याच वर्षी, १९ डिसेंबर १९६१ ला, गोवा मुक्त झाला. ज्याच्यासाठी माणूस तुरुंगात गेला ते हाती आलं आणि माणूस मात्र सातासमुद्रांपलीकडे कोठडीतच राहिला, एक दोन नव्हे, आणखी सात वर्षं. सुधीर फडके, होय, आपले बाबूजी, त्यांच्या सुटकेसाठी समिती काढून झिजले. मद्रासचे तेव्हाचे मुख्यमंत्री अण्णादुराई यांनी पोपना भेटून शब्द टाकला. जानेवारी १९६९ मध्ये रानडे सुटले. ते २०१९ मध्ये पुण्यात गेले तेव्हा बातमी आली आणि विरून गेली. त्यांचं ‘सतीचे वाण’ हे आत्मकथन वाचलेली माणसं आता शोधावी लागतात, याचं मला फार वाईट वाटतं.

नकाशावर काशियश सापडायला वेळ लागला नाही. काइश दु सोद्रे स्थानकातून काश्काइशला जाणारी लोकल नदीच्या कडेकडेनं पश्चिमेला जाते. सांतुश, अल्कांतरा, बेलें, आल्जेश, क्रूश केब्राद, आणि मग काशियश. बेलेंहून जेमतेम काही स्थानकं पुढे. पर्यटकांनी भरलेली गाडी तिथे थांबते, थोडी माणसं उतरतात आणि बाकीची पुढच्या पुळणींकडे निघून जातात. नदीचं पात्र तिथे इतकं रुंदावलेलं असतं की ते नदीचं की समुद्राचं हे सांगणं कठीण. किल्ला स्थानकाच्या वर, चढावर. तो आजही तुरुंगच आहे, आत जाता येत नाही. मला आत जायचंही नाही. रस्त्यावरून तो चढ चढायचा, वरून तेजो नदीचं मुख बघायचं आणि परतीची गाडी धरायची, एवढंच आहे. गोव्याला जाणारी जहाजं याच मुखातून बाहेर पडत. सांगलीचा एक शिक्षक त्या पाण्याच्या इतक्या जवळ आठ वर्षांहून जास्त काळ राहिला.

डिचोलीच्या आत्याला फोनवर हा बेत सांगितला. पोर्तुगीज अमदानी तिनं शाळकरी वयात पाहिलेली. ती म्हणाली, “अरे, वसंतात लोक फुलं बघायला जातात. तू तुरुंग बघायला चाललास?”

“आत्या, तिथे दोन्ही एकाच आठवड्यात दिसतात,” मी म्हटलं, आणि मग तिला सगळं सांगत बसलो. तेच इथे सांगतो, कारण पंचवीस तारखेचा हट्ट त्यावाचून कळणार नाही.

पोर्तुगालमध्ये १९२६ पासून हुकूमशाही होती. गोव्यातल्या लोकांना जो गुप्त पोलीस छळत होता तोच लिस्बनच्या विद्यार्थ्याला आणि अलेंतेजूच्या शेतमजुरालाही छळत होता. पीदे त्याचं नाव. १९६१ पासून अंगोला, गिनी आणि मोझांबिकमध्ये युद्ध पेटत गेलं, आणि तेरा वर्षं पोरं आफ्रिकेत लढायला धाडली जात होती. अखेर त्या युद्धाला विटलेल्या मधल्या फळीतल्या अधिकाऱ्यांनीच राजवट उलथायचं ठरवलं. २५ एप्रिल १९७४ च्या मध्यरात्रीनंतर थोड्याच वेळात रेडिओवर झेका अफोन्सोचं ‘ग्रांदोला, व्हिला मोरेना’ लागलं. निघा, अशी ती खूण होती. पहाटे चिलखती गाड्या राजधानीत शिरल्या. लोकांनी घरात थांबावं असं रेडिओ सांगत होता आणि लोक रस्त्यावर येत होते. सेलेश्ते काएइरु नावाची बाई एका उपाहारगृहात कामाला होती. त्या दिवशी त्या जागेला वर्ष झालं म्हणून गिऱ्हाइकांना द्यायला कार्नेशनची फुलं आणली होती. दुकान उघडणारच नव्हतं, म्हणून कामगारांना फुलं घरी न्यायला सांगितलं. वाटेत एका सैनिकानं तिच्याकडे सिगारेट मागितली. ती तिच्याकडे नव्हती. तिनं फूल दिलं आणि त्यानं ते बंदुकीच्या नळीत खोवलं. मग दुसऱ्याला, तिसऱ्याला. एप्रिल हा त्या फुलाचा मोसम होता म्हणून फुलवाल्यांकडे ढीग होते, आणि संध्याकाळपर्यंत सगळं शहर लाल झालं. गोळीबार झालाच नाही असं नाही. पीदेच्या मुख्यालयातून जमावावर गोळ्या झाडल्या गेल्या, चौघे मेले. त्यांची आठवण फुलांच्या गोष्टीत झाकली जाते, ती जाऊ नये.

हे सगळं जिथे निकाली निघालं तो चौक म्हणजे लार्गु दु कार्मु, आणि माझ्या बेतात सर्वांत जास्त वेळ त्यालाच ठेवला आहे. कॅप्टन साल्गेरु माया तिथल्या बराकीला वेढा घालून दुपारभर उभा होता. आत सालाझारचा वारस मार्सेलु काएतानु अडकलेला. संध्याकाळी त्यानं सत्ता सोडली. बराकीला लागूनच कार्मुचा जुना मठ आहे. त्याला छप्पर नाही. १ नोव्हेंबर १७५५, सर्व संतांच्या सणाची सकाळ. चर्चं भरलेली, मेणबत्त्या लागलेल्या, आणि धरणी हादरली. मागोमाग समुद्राची लाट आली आणि शहर बरेच दिवस जळत राहिलं. मंत्री मार्केझ द पोम्बालनं खालचा सगळा भाग सरळ रेघांत पुन्हा वसवला. भूकंपात डुलतील पण पडणार नाहीत अशा लाकडी चौकटी घरांच्या भिंतींत घातल्या. कार्मुचं चर्च मात्र पुरतं उभारलं गेलंच नाही. आज आत पुराणवस्तूंचं संग्रहालय आहे. सभामंडपात गवत आहे आणि नुसत्या कमानी आभाळाखाली उभ्या आहेत, माशाच्या काट्यांसारख्या. ज्या चौकात शहराच्या सर्वांत मोठ्या नाशाची खूण जपली आहे, त्याच चौकात त्याचा सर्वांत मोठा आनंद झाला. असा चौक मला दुसरा ठाऊक नाही.

क्रांतीनंतर दोनच दिवसांत, सव्वीस-सत्तावीसच्या रात्री, काशियशची दारं उघडली आणि राजकीय कैदी बाहेर आले. पेनिशचीही उघडली. पेनिश उत्तरेला, शंभरेक किलोमीटरवर, समुद्रात घुसलेल्या खडकावरचा किल्ला. डॉ. लोहियांनी १९४६ मध्ये मडगावला सत्याग्रहाची ठिणगी टाकल्यावर त्रिस्ताव ब्रागांसा कुन्हा, पुरुषोत्तम काकोडकर, डॉ. राम हेगडे, लक्ष्मीकांत भेंब्रे यांना शिक्षा ठोठावून इथेच आणलं होतं. आता तिथे प्रतिकार आणि स्वातंत्र्य यांचं राष्ट्रीय संग्रहालय आहे. क्रांतीला पन्नास वर्षं झाली तेव्हा, २७ एप्रिल २०२४ ला, ते खुलं झालं. बायकोला सिंत्र्याचे रंगीत राजवाडे बघायचे होते. तिथे गाडीनं पाऊण तासात जाता येतं आणि पेनिशला रेल्वेच नाही, बसनं जावं लागतं. आम्ही त्यावर दोन संध्याकाळी बोललो. तिनंच शेवटी सिंत्र्यावर काट मारली. भेंब्रे आणि काकोडकर ही नावं तिच्या माहेरच्या घरात रोज घेतली जाणारी होती.

या क्रांतीचा आपल्याशी संबंध काय, असं कुणी विचारलं तर उत्तर सरळ आहे. गोवा भारताचा आहे हे लिस्बननं तेरा वर्षं मान्य केलं नव्हतं. ते मान्य केलं १९७४ च्या डिसेंबरात, करारावर सह्या करून, आणि ते शक्य झालं या एप्रिलमुळे. तेजोवरच्या लांबलचक झुलत्या पुलाला १९६६ मध्ये सालाझारचं नाव दिलं होतं. आज त्याचं नाव ‘पंचवीस एप्रिल’ आहे. ज्यांनी आपल्याला कैद केलं तेही कैदेत होते, हे पुस्तकात वाचणं वेगळं आणि त्यांच्या सुटकेच्या दिवशी त्यांच्यात जाऊन उभं राहणं वेगळं. दर वर्षी त्या दिवशी दुपारी अव्हेनिदा दा लिबेरदाद या रस्त्यावरून लोक फुलं घेऊन चालत जातात. आजोबा, नातवंडं, सगळे. तिथे मी एक लाल फूल विकत घेईन आणि चालेन.

बाकीच्या वेळाचं फार ठरवलेलं नाही. कॅथीड्रलशेजारचं आल्झुब पाहायचं आहे, तेही एकेकाळचा तुरुंग आणि आता संग्रहालय. आल्फामाच्या गल्ल्यांत वाट चुकायला एक सकाळ ठेवली आहे, कारण भूकंपातून वाचलेलं जुनं लिस्बन तिथे उरलं आहे. अठ्ठावीस नंबरच्या ट्राममध्ये बसायला मिळालं तर बसू. एक सूचना मात्र मनापासून. तिथले पदपथ चुनखडीच्या घोटीव चिऱ्यांचे, सगळं शहर चढउताराचं, आणि एप्रिलची सर येऊन गेली की ते चिरे काचेसारखे गुळगुळीत होतात. तळव्याला चांगली पकड असलेलेच बूट न्या.

आणि तुम्ही वसंतात लिस्बनला जाणार असाल, तर तिकीट पंचवीस एप्रिल मध्ये येईल असंच काढा. निघण्याआधी ‘सतीचे वाण’ मिळवून वाचा. जुन्या वाचनालयांत अजून मिळतं. बेलेंला तर तुम्ही जाणारच. तिथून गाडीत बसा आणि आणखी तीन स्थानकं पुढे जाऊन काशियशला उतरा.